एका जखमी इसमाचे मनोगत

माझा उजवा पाय आजवर अकरा वेळा मोडला आहे. डावा हात चार वेळा, गळ्याजवळचे हाड दोनदा आणि जबडा एकदा. जबड्याच्या वेळी घरातल्या मंडळींनी "पट्टी रात्रीपर्यंत राहू दे, घाई काय आहे?" असे सुचवले होते, हे मी विसरलेले नाही. यातला एकही अपघात रस्त्यावर, जिन्यावर किंवा न्हाणीघरात घडलेला नाही. सगळे बैठकीच्या खोलीतल्या सतरंजीवर घडले आणि ते घडल्याचे मला दर वेळी कन्येकडून कळले. "आई, तुझी मांडी मोडलीये, झोप," असे तिने म्हणायचे आणि मी हातातले काम टाकून आडवे व्हायचे, अशी पद्धत आमच्या घरात गेल्या काही महिन्यांत पडली आहे. पहिल्या खेपेस मी जरा मनापासून कण्हले, तेव्हा "जखमी इसम बेशुद्ध आहे, त्याने बोलायचं नाही" अशी मला समज मिळाली. तेव्हापासून मी मोडते ती गुपचूप.

कन्या शाळेच्या स्काउट-गाइड पथकात गाइड झाली आहे. ती गाइड झाली याला कारण शाळा बदलली हे, आणि शाळा बदलली याला कारण जुन्या शाळेत वर्ग सहावीपर्यंतच होते हे. पहिलीपासून एका बाकावर बसलेल्या, एकीला ताप आला की दुसरीचे डोके दुखणाऱ्या दोन मुलींना दोन घरांनी दोन वेगळ्या शाळांत घातले, तेव्हा त्या व्यवहारात आपण नेमके काय करतो आहोत, याची दोन्हीकडच्या मोठ्यांना काडीची कल्पना नव्हती. आम्ही अंतर पाहिले, शिक्षक पाहिले, प्रयोगशाळासुद्धा पाहिली. बाक पाहायचे राहून गेले.

पहिला महिनाभर दोघींचे रोज रात्री फोनवर बोलणे चालले. मग ते दिवसाआड झाले, मग रविवारपुरते उरले, आणि एका रविवारी पलीकडच्या मुलीच्या तोंडून "माझी बेस्ट फ्रेंड" हे शब्द तिसऱ्याच एका मुलीला उद्देशून निघाले. बेस्ट फ्रेंड हे पद सातवीत एकसदस्यीय असते आणि पूर्वीच्या पदाधिकाऱ्याला नोटीस न देता ते भरता येत नाही. मी आपली भाबडेपणाने "कट्टी घेतलीस का?" असे विचारले. त्यावर कट्टी ही लहान मुलांची गोष्ट असते, असे मला सांगण्यात आले. सातवीतल्या मुली कट्टी घेत नाहीत, त्या "आम्ही आता तेवढं बोलत नाही" एवढेच म्हणतात, आणि माझा अनुभव असा की कट्टीची मुदत संध्याकाळी संपते, या वाक्याची संपत नाही.

नव्या शाळेचे कसे चालले आहे, याचे उत्तर दररोज "बरं" असे येई. खरे उत्तर पाण्याच्या बाटलीने दिले. जुन्या शाळेतून ती बाटली नेहमी रिकामी, झाकण गहाळ झालेली आणि दुसऱ्याच कोणाचे तरी नाव असलेली अशी परत यायची. नव्या शाळेतून ती रोज काठोकाठ भरलेली येऊ लागली. मधल्या सुट्टीत उभे राहायला एखादी जागा लागते आणि ज्यांच्याशी बोलायला कोणी नाही त्यांच्यासाठी नळाची रांग ही सोयीची जागा असते, हे मला आठ-दहा दिवसांनी उमगले. मुलगी तहान नसताना बाटली भरून घेत होती, आणि ती जड बाटली मी रोज संध्याकाळी मोरीत रिकामी करत होते.

अशात एके दिवशी ती धावत घरी आली आणि म्हणाली, "आई, त्यांच्या पेट्रोलमध्ये एक मुलगी कमी आहे!" हे ऐकून तिच्या बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवले. गाइडच्या भाषेत सहा ते आठ मुलींच्या तुकडीला पेट्रोल म्हणतात आणि तिच्या प्रमुख मुलीला पेट्रोल लीडर, हा खुलासा व्हायला थोडा वेळ गेला. झाले होते ते असे. नव्या मुलीला सगळे जे विचारतात, म्हणजे आधीची शाळा कोणती आणि किती टक्के पडले होते, ते त्या सात मुलींनी विचारलेच नव्हते. त्यांनी विचारले, "तुला गाठ मारता येते?" कन्येने नाही म्हटले. "मग ये, हे टोक धर," त्या म्हणाल्या.

टोक धरले ते आमच्या घरापर्यंत आले. पहिल्या आठवड्यात टेबलाच्या चारही पायांना क्लोव्ह हिच नावाची गाठ पडली, कारण दोन काठ्यांची चौकोनी बांधणी करायची तर सुरुवात आणि शेवट दोन्ही क्लोव्ह हिचनेच होतात, आणि घरात काठ्या नव्हत्या. दुसऱ्या आठवड्यात रीफ नॉट आली. सारख्या जाडीच्या दोन दोऱ्या जोडायला किंवा जखमेवरची पट्टी बांधायला ही गाठ वापरतात, कारण ती सपाट बसते आणि खाली टोचत नाही. आधी उजवे टोक डाव्यावर, मग डावे टोक उजव्यावर. दोन्ही वेळा उजवेच टोक डाव्यावर घेतले तर होते ती ग्रॅनी नॉट, म्हणजे आजीची गाठ. ती नको तेव्हा सुटते आणि सोडवायची तेव्हा आवळून बसते. हे कन्येने सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखवले, आणि सासूबाई दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. "मी आयुष्यभर बांधलेल्या गाठी काय सुटल्या का?" असा त्यांचा रास्त सवाल होता. त्यांनी एक जुने गाठोडे आणून आव्हान दिले. गाठ खरोखरच आजीची निघाली आणि ती सोडवायला आम्हा तिघींना मिळून पाऊण तास लागला. आपण जिंकलो असे दोन्ही पक्षांनी जाहीर केले.

याहून कठीण प्रकरण म्हणजे रोजचे एक सत्कृत्य. सकाळी स्कार्फच्या टोकाला गाठ मारायची आणि दिवसभरात कोणाला तरी मदत झाली की ती सोडायची, अशी या चळवळीतली जुनी रीत आहे. रीत सुरेख आहे, पण जिच्या घरात ती पाळली जाते तिला तिची दुसरी बाजू ठाऊक असते. दिवसभर गृहपाठ आणि खेळ यांत गेलेल्या मुलीला गाठ आठवते ती रात्री पावणेदहाला. मग गाढ झोपेतल्या माणसाला हलवून "आई, तुला पाणी हवंय का?" असे विचारले जाते. नको म्हटले तर सत्कृत्य होत नाही, म्हणून मी उठून पाणी पिते, आणि पुढे रात्री त्या पाण्यापायी पुन्हा एकदा उठते. माझ्या मते या दोघींपैकी सत्कृत्य कोणाच्या खात्यावर जमा व्हावे, हा प्रश्न निकाली निघालेला नाही.

हस्तांदोलनही डाव्या हाताने करायचे असते. जगभरच्या स्काउट आणि गाइड एकमेकांना भेटल्या की डावा हात पुढे करतात. मी सवयीने उजवा करते. आमचे दोन्ही हात हवेत एकमेकांना चुकवून पुढे निघून जातात आणि दाराशी आलेल्या माणसाला वाटते की मायलेकी माशा मारताहेत.

रात्री जेवताना इतिहास असतो. स्काउट चळवळीचे जनक रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलगे घेऊन पहिले शिबिर भरवले, तेव्हा त्यात मुलगी एकही नव्हती. पुढच्या वर्षी त्यांचे पुस्तक निघाले, ते मुलींनीही वाचले आणि कोणाला न विचारता आपापल्या टोळ्या सुरू केल्या. मग ४ सप्टेंबर १९०९ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये स्काउट मुलांचा प्रचंड मेळावा भरला, तिथे मूठभर मुली गणवेशासारखे काहीतरी घालून हजर झाल्या आणि आम्हीही स्काउट आहोत, असे म्हणाल्या. १९१० मध्ये मुलींसाठी गर्ल गाइड्स ही वेगळी संघटना झाली आणि तिची धुरा बेडन-पॉवेल यांची बहीण ॲग्नेस यांच्याकडे आली. अमेरिकेत ज्युलिएट गॉर्डन लो यांनी १२ मार्च १९१२ रोजी सव्हाना शहरात अठरा मुलींना घेऊन आरंभ केला. एवढे सगळे सांगून झाले तरी कन्या फिरून फिरून १९०९ वरच येते. "बोलावलं नव्हतं गं त्यांना, तरी गेल्या," असे ती म्हणते आणि पानातले सगळे संपवते. बाटली आता रिकामी येऊ लागली होती. झाकण मात्र होते.

मागकाढणीच्या खुणांनी तर घराच्या भिंतींचे भूगोलाचे पुस्तक करून टाकले. बाण म्हणजे इकडे जा, फुली म्हणजे इकडे जाऊ नका, आणि वर्तुळात ठिपका म्हणजे मी घरी गेले. हे शेवटचे चिन्ह केनियातल्या न्येरी इथे बेडन-पॉवेल यांच्या थडग्यावर कोरलेले आहे, हे कळल्यावर माझ्या अंगावर काटा आला. नंतर तेच चिन्ह खडूने आमच्या उंबऱ्यावर उमटले, कारण कन्या घरी आली होती आणि तसे जाहीर करणे तिला आवश्यक वाटले होते. मग काटा बसला आणि मी फडके शोधायला गेले.

फेब्रुवारीच्या २२ तारखेला चिंतन दिन असतो. त्या दिवशी बेडन-पॉवेल आणि त्यांच्या पत्नी ओलेव्ह या दोघांचाही वाढदिवस येतो, आणि जगभरच्या गाइड परस्परांची आठवण काढतात. कन्येने त्या संध्याकाळी नकाशा पुढ्यात घेऊन बसून पाच खंडांतल्या मुलींचा विचार केला. "आणि तिचा?" असे मी विचारले. ती पण आता तिच्या शाळेत गाइड आहे, एवढीच माहिती मला मिळाली आणि नकाशाची घडी झाली.

त्यानंतर काही आठवड्यांनी निरनिराळ्या शाळांच्या पथकांचा एकत्र मेळावा ठरला. प्रथमोपचाराच्या स्पर्धेसाठी जखमी इसम हवे होते. अनुभवी उमेदवार म्हणून माझे नाव कन्येने मला न विचारता दिले. मैदानावर गेल्यावर कळले की मुलींची ओळख व्हावी म्हणून गाइड कॅप्टन बाईंनी चिठ्ठ्या टाकून सगळ्या शाळांच्या मुली मिसळल्या आहेत. मी नेमून दिलेल्या झाडाखाली डोळे मिटून पडले, माझी मांडी मोडल्याचे जाहीर झाले, आणि डोक्याशी दोन आवाज आले. एक घरचा होता. दुसराही पूर्वी घरचाच होता.

"तू हे टोक धर."

"मला माहितीये."

मोडलेला पाय चांगल्या पायाला बांधतात आणि गाठी चांगल्या बाजूला घेतात. दोघींनी एकेक टोक धरून माझे पाय बांधले. मग दोन काठ्या आणि एक घोंगडी यांचे स्ट्रेचर झाले. घोंगडी एका काठीवरून दुमडायची आणि मग दुसऱ्या काठीवरून उलट आणायची. तिला शिवण लागत नाही, गाठही लागत नाही, आत पडणाऱ्या माणसाच्या वजनानेच ती घट्ट बसते. आयुष्यात प्रथमच माझे वजन कोणाच्या तरी उपयोगी पडत होते. जखमीला ठेवण्याआधी धडधाकट माणूस घालून स्ट्रेचर तपासायचे असते, म्हणून त्यांनी पथकातली सर्वांत काटकुळी मुलगी घालून पाहिली. मला उचलताना त्या चौघींच्या तोंडून जो उद्गार निघाला तो बेशुद्ध इसमानेही ऐकू नये असा होता.

जखमीला पाय पुढे करून नेतात, म्हणजे मागच्या मुलींना त्याचा चेहरा दिसत राहतो. मागे या दोघी होत्या. पहिली वीस पावले फक्त "डावीकडे वाकतंय" आणि "मी नाही, तू" एवढेच झाले. मग कुजबूज सुरू झाली.

"तुझी ती बेस्ट फ्रेंड आलीये का?"

"ती आता दुसरीकडे बसते."

बराच वेळ फक्त श्वास ऐकू येत होते.

"मी पहिले दोन महिने नुसती बाटली भरत होते," कन्या म्हणाली.

"मी लायब्ररीत जायचे. पुस्तक उलटं धरलं होतं एकदा."

इथे एकीला हसू फुटले, मग दुसरीला, आणि स्ट्रेचर पाळण्यासारखे झुलू लागले. स्ट्रेचर वाहणाऱ्यांनी पावले जुळवायची नसतात, जुळली की जखमीला झोके बसतात, हा नियम दोघींनाही पाठ होता. पण सहा वर्षे एका शाळेत बरोबर चालत गेलेल्या त्या पायांना तो कोणी सांगितला नसावा. "मागच्या मुली, पाऊल मोडा!" असे बाई ओरडत होत्या. पाऊल मोडत नव्हते. मला गरगरू लागले होते आणि डोळे उघडायची परवानगी नव्हती.

शेवटच्या रेषेपलीकडे त्यांनी मला सावलीत उतरवले. गुण कापले गेल्याचे मी ऐकले, त्यावर दोघी पुन्हा हसल्याचेही ऐकले, मग आवाज दूर दूर गेले. आता कोणीतरी येऊन मला सोडवील, म्हणून मी बराच वेळ शिस्तीत बेशुद्ध राहिले. शेवटी एक मुंगी कानापर्यंत आली, तेव्हा डोळे उघडले. मैदान रिकामे होत आले होते. शेजारी मातीत काठीने एक वर्तुळ काढलेले होते आणि त्यात मधोमध ठिपका होता.

मी उठून बसले आणि पायांची पट्टी सोडायला घेतली. रीफ नॉटचे एक टोक सरळ ओढले की ती आपोआप सुटते, हे मला एव्हाना झोपेतही सांगता येते. मी टोक ओढले, ते सुटले नाही. दुसरे ओढले, गाठ आणखी आवळली. तेव्हा मी चश्मा लावून ती नीट पाहिली. दोघींनी एकेक टोक धरून, एकमेकींकडे न बघता बांधलेली ती गाठ आजीची होती.