बॅटरीच गेलीय, मालक!

सोलापुरात गाडी बंद पडली तर मेकॅनिक शोधत फिरावं लागत नाही. बॉनेट उघडायचा अवकाश, माणसं आपणहून गोळा होतात आणि नाडी न बघता निदान देतात. निदान बहुतेक वेळा एकच असतं: "बॅटरीच गेलीय, मालक." त्यात गाडी माझ्यासारखी असेल, म्हणजे दोन दारांची, दोन सीटची, लालभडक, जमिनीला टेकलेली आणि पंचवीस वर्षांपूर्वीची, तर गर्दीसाठी चहाही सांगावा लागतो.

हिला 'स्पोर्ट्स कार' म्हणणारा घरात मी एकटाच. बायको नुसतं 'ती' म्हणते, आणि ज्या सुरात म्हणते त्यावरून नव्या शेजाऱ्यांचे गैरसमज होतात. सीटवर सोलापुरी चादर आहे. ती शोभेला नाही. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे गेला की त्या काळ्या रेक्झिनला पाठ लावायची सोय राहत नाही.

दुखणं असं. सकाळी, इंजिन थंड असताना, एका सेल्फला चालू. नवी पेठेत जायचं, दुकानात दोन पिशव्या भरायच्या, परत येऊन किल्ली फिरवायची की 'टक्'. एकच. त्यापुढे काही नाही. आता 'टकटकटकटक' अशी माळ लागली तर बॅटरी उतरलेली असण्याचा संभव जास्त. पण एकच टक् आणि डॅशबोर्डचे दिवे जराही मंद होत नाहीत, हॉर्न खणखणीत, याचा अर्थ बॅटरीत दम आहे, तो सेल्फपर्यंत, म्हणजे इंजिनाला पहिला फेरा देणाऱ्या मोटरपर्यंत, पोचत नाहीये. भर दुपारी पार्क चौकात मी हे सगळं गर्दीला समजावून सांगितलं. गर्दीने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "बॅटरी."

मल्टिमीटर माझ्या डिकीत कायम असतो. स्टेपनी नसते, तिला जागाच नाही. मीटर लावला, १२.६ व्होल्ट. भरलेल्या बॅटरीचा हाच आकडा. एका पोराला सेल्फ मारायला लावलं, तरी १२ च्या खाली येईना. धडधाकट सेल्फ फिरताना शंभरावर अँपिअर ओढतो, बॅटरी दहा-साडेदहापर्यंत वाकते. इथे वाकतच नव्हती, म्हणजे तिच्याकडे कोणी काही मागतच नव्हतं. पण लोकशाहीत मीटरला मत नसतं.

शिवाय ज्याचा जो धंदा, त्यातूनच त्याचं निदान. पूर्व भागातले एक यंत्रमागवाले म्हणाले, "एक फेज गेला असणार बघा. आमच्या मागाची मोटर अशीच करते." गाडीला फेज नसतो, हे त्यांना सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे अशा कीवेने पाहिलं, की गाडी घेताना मला फसवून बिनफेजची दिली असावी. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले एक काका होते. त्यांचा आक्षेप मुळावरच होता. "आमच्या गाड्यांना चोवीस व्होल्ट. बाराने काय होणार ओ?" रिक्षावाल्याने मात्र कामाचं सांगितलं: "सेल्फला पान्याने दोन टोले द्या." कार्बन ब्रश झिजले असतील तर हा उपाय खरोखर लागू पडतो. अडचण इतकीच, की सेल्फ इंजिनाच्या तळाशी आणि या गाडीखालून मांजरसुद्धा वाकून जातं. त्याने खांद्यापर्यंत हात घातला, टोला कशावर तरी बसला, आणि रिक्षावाला स्वतःच 'आई गं' म्हणाला.

मग एका बोलेरोवाल्याने जंपर काढला, म्हणजे आपल्या बॅटरीवर दुसऱ्याची गाडी चालू करून द्यायच्या दोन जाड वायरी. लाल प्लसला, काळा मायनसला, दोन्ही थेट बॅटरीवर. बोलेरो घुरघुरतेय, आम्ही सगळे श्वास रोखून उभे, किल्ली फिरवली.

टक्.

"ह्याची पण बॅटरी गेलेली दिसतेय बे," मागून कोणीतरी म्हणालं. बोलेरोवाला घाबरून निघून गेला.

एव्हाना एक भंगारवाला हातगाडी लावून, तराजू बाहेर काढून सावलीत बसला होता. गर्दीचा एकमुखी निकाल त्याने ऐकलेला होता.

शेवटी धक्का. सेकंड गिअर, क्लच दाबलेला, मागे सहा-सात जण. एवढ्या बुटक्या गाडीला ढकलायचं तर कमरेतून पार वाकावं लागतं, त्यामुळे लांबून बघणाऱ्याला वाटावं, की ही मंडळी लाल गाडीला साष्टांग घालायच्या बेतात आहेत. जरा वेग आला, क्लच सोडला, गाडी चालू! म्हणजे प्लग, कॉइल, पेट्रोल सगळं ठीक. आजार सेल्फच्या वाटेवर कुठेतरी. तशीच न विझवता अशोक चौकात एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. त्यांना सगळे मामा म्हणतात. माझ्या मागोमाग निम्मी गर्दी दुचाकींवरून आली, कारण निकाल लागल्याशिवाय घरी जाणं बरं दिसत नाही.

मामांनी काही विचारलं नाही. गाडी बंद केली. म्हणाले, "सेल्फ मारा." टक्. "परत मारा. धरून ठेवा." त्यांनी ॲक्सिलरेटरच्या केबलला बोट लावलं आणि झटकन काढलं. "तुम्ही बघा लावून." केबल चटका देत होती, वरच्या प्लॅस्टिकला वास सुटला होता. ॲक्सिलरेटरच्या केबलचा आणि विजेचा काय संबंध?

संबंध होता. करंट बॅटरीतून लाल जाड वायरने सेल्फला जातो, ते सगळेच बघतात. त्याला परतही यावं लागतं. वारीचं असंच असतं, पंढरपूरला पायी जाण्याचं कौतुक गावभर, परतीच्या एसटीत उभं राहिलेल्याला कोण विचारतं? इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यातून करंट जात नाही. इंजिनापासून चासीपर्यंत तांब्याच्या विणीची एक पट्टी असते, परतीची मुख्य वाट तीच. फायबरची बॉडी तर विजेच्या दृष्टीने नसल्यासारखीच. पट्टी तुटत आली की करंट मिळेल ती वाट धरतो. आमच्याकडे त्याने ॲक्सिलरेटरची केबल धरली होती. हेडलाइटच्या एका बल्बला चार-पाच अँपिअर पुरतात आणि त्याची परतीची वायर वेगळी, म्हणून दिवे लख्ख. सेल्फच्या शंभराला वाट पुरेना. त्यात इंजिन तापलं की तांब्याचा अडथळा आणखी वाढतो, म्हणून दुखणं दुपारचं.

मामांनी मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी इंजिनाच्या उघड्या बोल्टला लावली आणि सेल्फ मारायला सांगितलं. हा आकडा म्हणजे परतीच्या वाटेत वाया जाणारे व्होल्ट, तो अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. आठच्या पुढे गेला. मग जंपरची नुसती काळी वायर घेतली, एक चिमटा मायनसला, दुसरा थेट इंजिनाला. किल्ली फिरवली आणि गाडी अशी उठली, की वाकून बघणारे दोघे मागे सरले.

"बघा," एसटीवाले काका म्हणाले, "बॅटरीच होती."

पट्टी खालून काढली. एका टोकाला थिंबलपाशी, म्हणजे बोल्टखाली आवळायच्या धातूच्या टोपणापाशी, हिरवी बुरशी धरलेली, विणीतले मोजके धागे शिल्लक, बाकी चिखल आणि ऑइल. मामांनी चासीवरचा रंग पॉलिश पेपरने घासून धातू चकचकीत केला, नवी पट्टी आवळली, वर व्हॅसलीन चोपडलं. खर्च म्हणाल तर पाव किलो शेंगा चटणीच्या आसपास. चहा त्याहून जास्त झाला.

भंगारवाल्यानेही चहा घेतला. तोही आला होता, हातगाडीसकट. गाडी चालू-बंद, चालू-बंद होताना त्याने सगळं नीट पाहिलं, कप ठेवला आणि जवळ येऊन हळूच म्हणाला, "मालक, बॅटरीचं मग काय करायलाव? भाव चांगला देतो की."