कॅमेऱ्याचा हप्ता कोण भरणार?

आपल्याकडच्या तरुणांना दोन टोकांचे सल्ले मिळतात. कॉलेजात व्याख्यानाला आलेला पाहुणा सांगतो, मनाला भावेल ते कर. घरी वडील सांगतात, आधी एमपीएससीचं बघ. हा वाद मी कोल्हापुरात असताना ऐकत होते आणि आता जर्मनीत, कोलोनला बसून, घरच्या ग्रुपवर वाचते. जम बसेपर्यंत खर्च कुणी करायचा, हे मात्र दोघंही बोलत नाहीत.

खरं तर स्पर्धा परीक्षा हाही जुगारच आहे. जागा काही शे, अर्ज लाखोंनी. सदाशिव पेठेतली कॉट, अभ्यासिकेची फी, मेसचे पैसे वर्षानुवर्षं घरून जातात. त्याला कुणी नाद म्हणत नाही. तेवढ्याच पैशांत पोराने कॅमेरा घेतला की तो वाया गेला! वर लग्न जमत नाही ते वेगळंच. अख्ख्या गावाच्या लग्नांचे अल्बम करणारा स्वतः पस्तिशीतही बिनलग्नाचा, असे दोघे-तिघे तरी माझ्या ओळखीत आहेत.

मी लग्नाच्या फोटोग्राफीच्या धंद्यात तगले ती घरच्यांच्या जिवावर. वरात संपायला मध्यरात्र व्हायची आणि मला न्यायला भाऊ मोटारसायकल घेऊन मांडवाबाहेर थांबलेला असायचा. आषाढीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नाहीत, म्हणजे ऑर्डर नाहीत. त्या चार महिन्यांत घरात माझी दमडी यायची नाही आणि कुणी मागायचंही नाही. ज्यांच्याकडे बाकी राहिलेली असायची ते अल्बम घरी पोचला की फोन उचलायचे नाहीत. तेव्हा लेन्सचे हप्ते भावाच्या पगारातून गेले. त्याने मुकाट्याने नोकरी धरली म्हणून मला कॅमेरा धरता आला. एका घरात मनासारखं वागायची चैन एकालाच परवडते, आणि तो एकजण बहुतेक घरांत मुलगा असतो. आमच्याकडे उलटं झालं, एवढंच.

इथे जर्मनीत फोटोग्राफी हा रीतसर नोंदलेला हस्तव्यवसाय आहे. तीन वर्षांची उमेदवारी, स्टुडिओत काम, जोडीला व्यवसायशाळा, थोडंफार विद्यावेतन आणि शेवटी परीक्षा. 2004 पासून स्टुडिओ थाटायला 'माइस्टर'ची, म्हणजे उस्ताद कारागिराची, पदवी सक्तीची राहिलेली नाही, पण शिकायची ही वाट टिकून आहे. शिवाय 1983 पासून कलावंतांसाठी सामाजिक विम्याची सोय आहे. आरोग्यविमा आणि पेन्शनचा निम्मा हप्ता कलावंत भरतो, 30 टक्के त्याचं काम वापरणाऱ्या कंपन्यांकडून येतात, 20 टक्के सरकार घालतं. त्यासाठी वर्षाची कमाई 3,900 युरोंच्या वर लागते, पण नवख्यांना पहिली 3 वर्षं ही अट नाही. त्या सगळ्या कायद्यात मला हेच आवडतं. सुरुवातीला पोराला फारसं काही मिळणार नाही, हे तिथे आधीच गृहीत धरलेलं आहे. आपल्याकडे ते गृहीत धरण्याचं काम आईकडे असतं.

म्हणून हे नंदनवन समजू नका. लग्नांचे आणि तान्ह्या बाळांचे फोटो काढणारा बहुधा कारागीर ठरतो, कलावंत नाही. माझा अख्खा हप्ता मीच भरते. 1 मे 2025 पासून पासपोर्ट आणि ओळखपत्रासाठी कागदी फोटो बंद झाले. आता प्रमाणित स्टुडिओतून डिजिटल फोटो पाठवायचा, नाहीतर कचेरीतल्या यंत्रावर काढायचा. कोपऱ्यावरच्या छोट्या स्टुडिओला स्पर्धक थेट सरकारी कचेरीत येऊन बसला. हिवाळ्यात लग्नं रोडावतात, म्हणजे आमचा चातुर्मास इथेही आहेच. उन्हाळ्यात लग्नं मुख्यतः शनिवारी, आणि पाळणाघर शनिवारी बंद. लेकीला ताप आला आणि नवरा गावाला गेलेला असला की मी बदली फोटोग्राफर शोधत बसते. विम्याचं कार्ड पाकिटात असतं, पण पोरीपाशी बसायला आजी नसते.

आता माझा भाचा पुण्याची खोली सोडून कोल्हापुरात फोटोग्राफीच करायची म्हणतोय. दाजी म्हणतात, नादी लागलाय. त्याने माझ्याकडे कॅमेऱ्यासाठी पैसे मागितले. ते मी देणार नाही. कॅमेरा भाड्याने मिळतो, त्याने आधी दुसऱ्याच्या हाताखाली दोन लग्नसराया काढाव्यात. पण तीन वर्षं त्याच्या आरोग्यविम्याचा हप्ता मी भरेन आणि तेवढ्या काळात घरी पैसे किती आणलेस, हे त्याला कुणी विचारायचं नाही, असं मी कळवलं आहे. त्याच्या धाकट्या बहिणीच्या फीला हात लावायचा नाही, ही माझी दुसरी अट. दाजींनी अजून उत्तर दिलेलं नाही. ताईचं म्हणणं, तिकडे बसून अटी घालायला काय जातंय, पावसाळाभर घरी बसलेल्या पोराला मीच बघणार आहे.