बघण्याचा परवाना

रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याने पाहावे, एवढ्याच हेतूने जी भिंत रंगवली गेली, तिच्याकडे पाहिल्याबद्दल गेल्या रविवारी मला भर उन्हात जाब द्यावा लागला. अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या पूर्वेला, बेलमाँट काउंटीतल्या एका आडरस्त्यावर गाडी कडेला लावून आणि कुंपणाच्या अलीकडे सभ्यपणे उभा राहून मी एका जुन्या बार्नचे, म्हणजे शेतावरच्या लाकडी कोठाराचे, छायाचित्र घेत होतो. काळ्या फळ्यांवरची पांढरी-पिवळी अक्षरे ‘मेल पाउच’ तंबाखू चघळण्याचा आग्रह करत होती. तेवढ्यात गवत कापण्याच्या यंत्रावर स्वार झालेले एक आजोबा थेट माझ्या चौकटीत येऊन थांबले. यंत्र त्यांनी बंद केले नाही, त्यामुळे पुढचा सगळा संवाद दोघांनाही ओरडून करावा लागला.

“टॅक्सवाले का?”

“नाही, फोटो काढतो आहे.”

“टॅक्सवाले तेच करतात.”

ओहायोत करासाठी मालमत्तेचे पूर्ण मूल्यांकन दर सहा वर्षांनी होते आणि मधल्या तिसऱ्या वर्षी आकडे पुन्हा सुधारले जातात. ही व्यवस्था जणू मीच घालून दिली असावी, अशा सुरात त्यांनी तिचा उद्धार केला. मी विमा कंपनीचाही नाही, हे पटल्यावर त्यांचा चेहरा अचानक मऊ झाला आणि त्यांनी विचारले, “मग लाकूड हवंय का?” शहरातल्या उपाहारगृहांना हल्ली भिंतींवर जुन्या बार्नच्या करड्या फळ्या लावण्याची हौस आहे, त्यामुळे खेड्यांतून असे खरेदीदार खरोखरच हिंडत असतात. मी नकार देत असतानाही आजोबांनी मला कोणत्या फळ्या किडलेल्या आहेत आणि कोणत्या अजून शंभर वर्षे टिकतील हे तपशीलवार दाखवले. मी बोली लावत नाही हे पाहून ते अधिकच संशयाने म्हणाले, “वर काय लिहिलंय ते तरी कळतं का? हे गालात धरून चघळायचं असतं. गिळायचं नसतं.”

निपाणीच्या तंबाखूच्या वखारींलगत माझे बालपण गेले. माझ्या आजोबांच्या चंचीतला चुना संपला की दुकानात पिटाळले जाणारे पोर मीच होतो. त्या मला तंबाखू कशी खावी याचे धडे एका परक्या माणसाकडून, यंत्राच्या धुरात उभे राहून, ऐकावे लागले.

मग मीही माझी विद्या बाहेर काढली. या बेलमाँटमध्येच राहणारे हार्ली वॉरिक १९४६ साली युद्धावरून घरी परतले, तेव्हा कंपनीचे रंगारी त्यांच्याच घरचा बार्न रंगवत होते. ते त्या टोळीत सामील झाले आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत त्यांनी सुमारे २०,००० बार्न रंगवले किंवा पुन्हा रंगवले. शेतकऱ्याला थोडे डॉलर मिळत आणि उरलेल्या भिंतीही फुकट रंगवून मिळत. १९६५च्या कायद्याने महामार्गांलगतच्या जाहिरातींवर बंधने घातली, पण १९७४च्या दुरुस्तीने अशा जुन्या खुणांना त्यातून वाचवले. म्हणजे ही भिंत लोकांनी बघावी म्हणून आधी कंपनीने पैसे मोजले आणि नंतर अमेरिकी काँग्रेसने तिला अभय दिले. हे सर्व मी घसा ताणून सांगितले. आजोबांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “इतकं ठाऊक आहे म्हणजे टॅक्सवालेच.”

गाडीतून सौभाग्यवतींचा आवाज आला, “अहो, आटपा! आपल्याकडे एसटीच्या वाटेवर भिंती बिड्यांच्या आणि सिमेंटच्या जाहिरातींनी भरलेल्या होत्या, तेव्हा तुम्ही मान तरी वळवलीत का?” त्यांना पाणचक्क्या आवडतात, कारण तिथे बसायला बाक असतो आणि जाब कोणी विचारत नाही. वेस्ट व्हर्जिनियातल्या बॅबकॉक उद्यानातल्या ग्लेड क्रीक चक्कीपुढे तर कॅमेरेवाल्यांची रांग लागते. ती चक्की जुन्या चक्क्यांचे भाग जोडून १९७६ साली उभी केलेली आहे, म्हणजे मी तिच्यापेक्षा वयाने मोठा आहे, पण माझ्यापुढे अशी रांग अजून लागलेली नाही.

एवढ्यात मागे दुसरी गाडी थांबली. बेसबॉलची टोपी घातलेले एक उंच, गोरे गृहस्थ तिकाटणे घेऊन उतरले. आजोबांनी यंत्र बंद केले. ते बंद करता येत होते, हे मला तेव्हा कळले. टॅक्स नाही, विमा नाही, लाकूड नाही. त्यांनी हात हलवून सांगितले, “चारनंतर तळ्याकडून घ्या, उजेड छान पडतो,” आणि फाटकही उघडून दिले. हे अगत्य पाहून हसावे असे मला फार वाटले, पण जमले नाही. आम्ही दोघेही तिथे सारखेच अनोळखी होतो.

गृहस्थांनी विचारले, “बार्न तुमचाच का?”

“छे! मालक फ्लोरिडाला असतात. मी गवत कापतो.”

मी निघालो तेव्हा आजोबा मागोमाग आले आणि खबरदारी म्हणून गाडीचा नंबर लिहून ठेवावा लागेल, असे म्हणाले. त्यांच्याजवळ पेन नव्हते, म्हणून त्यांनी ते माझ्याकडेच मागितले. मी दिले. चांगले शाईचे पेन होते, आणि ते त्यांनी परत केले नाही.