खारघरकर साहेबांच्या प्रतिक्रियेला उत्तर: क्रूझवर धुणं धुणारी कंजूष बाई

खारघरकर साहेब, नमस्कार. क्रूझवर कपडे कसे धुतो यावर मी लिहिलं आणि तुम्ही त्यावर एवढी सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, आधी त्याबद्दल खरंच आभार, नाहीतर लोक ‘छान माहिती ताई’ लिहून पुढे सटकतात. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. साहेबांचं म्हणणं असं की लाखो रुपये भरून बोटीवर जायचं आणि तिथे बेसिनमध्ये बनियन घासत बसायचं हा शुद्ध कद्रूपणा, ‘आपल्या लोकांची ही मेंटॅलिटी कधी सुटणार’. कपडे लाँड्रीत टाकावेत नाहीतर बॅगेत जास्तीचे न्यावेत, आणि धुवायचेच असतील तर मस्त बाल्कनीत उन्हात टाकावेत, घरून छोटी इस्त्री न्यावी, यात लेख लिहिण्यासारखं आहे काय. वर भर समुद्रात पाण्याची नासाडी. आणि शेवटी आमच्या ह्यांच्यावरून एक टोमणा, त्याच्याकडे सगळ्यात शेवटी येते.

कंजुषीचं आधी घेऊ. आम्ही गेलो ती बार्सिलोनाहून फ्लोरिडाला जाणारी फेरी. थंडीच्या तोंडावर भूमध्य समुद्रातली बरीच जहाजं कॅरिबियनकडे निघतात, त्याला रिपोझिशनिंग म्हणतात, रोजच्या हिशोबाने ती नेहमीच्या क्रूझपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते कारण अटलांटिक ओलांडताना मधे सलग कितीतरी दिवस नुसतं पाणीच पाणी, बंदर नाही की शॉपिंग नाही. लेक तिकडेच असते म्हणून आम्हाला ती सोयीची. आता बॅग भरायला बसा. बार्सिलोनाच्या ऑक्टोबरसाठी स्वेटर, पुढे फ्लोरिडाच्या घामासाठी सुती कपडे, जहाजावरच्या फॉर्मल नाइटसाठी साडी आणि ह्यांचा कोट, चालायचे बूट वेगळे, आणि लेकीसाठी भाजणी-मेतकूट, ते तर काढता येतच नाही. विमानाची 23 किलोची मर्यादा इथेच संपली. ‘जास्तीचे कपडे न्या’ हे घोडबंदर रोडवरून गाडी काढून अलिबागला जाणाऱ्याला सांगा हो, डिकी मोठी असते.

मग लाँड्रीत टाका म्हणता. टाकते की, लेखातही लिहिलं होतं, तुम्ही बहुतेक बेसिनपाशीच थांबलात. जहाजावर नगावर पैसे लागतात, साधारण शर्टाला चार-पाच डॉलर आणि आतल्या कपड्यांना एकेक-दोन-दोन डॉलर. म्हणजे दीडशे रुपयांची बनियन धुवायला दीडशे रुपये. एवढ्यात प्रत्येक वेळी नवी बनियन येईल, आणि तीही कोरी. ह्याला कंजुषी म्हणायचं असेल तर म्हणा, मी हिशोब म्हणते. हां, मधेच कधीतरी ऑफर येते, की ही कागदी पिशवी घ्या, मावतील तेवढे कपडे कोंबा, सगळ्याचे मिळून अमुक डॉलर. ती मी सोडत नाही. टीशर्ट, मोजे, गाऊन सगळं चकलीसारखं घट्ट गुंडाळून भरायचं आणि पिशवी फाटायच्या आत थांबायचं. पण त्यात काय घालायचं नाही हे महत्त्वाचं, कारण हे कपडे गरम पाण्यात धुतले जातात आणि मोठ्या ड्रायरमध्ये वाळतात, तिथे तुमच्या हँडलूमच्या कुर्त्याचा मुलाहिजा कोणी ठेवत नाही. ह्यांचा एक खादीचा कुर्ता असाच गेला होता, परत आला तो कॉलरला केबिन नंबरची चिठ्ठी लावून, सुबक घडी घालून, आणि बाह्या चार बोटं आखूड. नातवाला होईल काही वर्षांनी.

काही कंपन्यांच्या जहाजांवर आपल्या आपण धुवायची मशीनं असतात हेही लिहिलं होतं. प्रिन्सेसच्या जहाजांवर असतात, कार्निव्हलच्या बहुतेक जहाजांवर आणि डिस्नीच्या जहाजांवर असतात, व्हायकिंगच्या समुद्रावरच्या जहाजांवर तर फुकट असतात. रॉयल कॅरिबियन आणि एमएससीवर प्रवाशांसाठी ही सोय नसते, तिथे पिशवी नाहीतर बेसिन. मशीन असलं तरी सी डेला, म्हणजे बंदर नसलेल्या नुसत्या समुद्रातल्या दिवशी, सकाळी तिकडे फिरकू नका. मशीन थांबलं की दोन मिनिटांत दुसरा माणूस तुमचे ओले कपडे काढून वर ठेवतो आणि मग जी बाचाबाची होते तिच्यातून ठाण्याहून सकाळची सीएसएमटी फास्ट पकडणाऱ्यांनाही शिकायला मिळेल. बंदराच्या दिवशी सगळे उतरून गेले की जायचं, खोली रिकामी असते. आणि घरून नेलेली हाताने धुवायची पावडर तिथल्या फ्रंट लोड मशीनमध्ये ओतू नका, फेस दारातून बाहेर बघायला लागतो. मॅटिकवाली न्या, तीही कमी घाला.

आता खरा मुद्दा, आणि इथेच तुमची-माझी गल्लत होते आहे असं मला वाटतं. तुम्ही सगळा राग धुण्यावर काढलाय. अहो, धुणं म्हणजे काय, बेसिन भरा, थोडं लिक्विड, पाच मिनिटं चोळा, झालं. अख्खा लेख मी वाळवण्यावर लिहिला होता. जहाजावर पाणी आहे, साबण आहे, वेळ तर बख्खळ आहे, फक्त वाळत घालायला जागा नाही. पावसाळ्यात ठाण्याच्या फ्लॅटमध्ये कपडे वाळवलेल्या बाईला हे वेगळं सांगावं लागत नाही, तुमच्याकडे खारघरला डोंगरालगत तर आमच्यापेक्षा जास्त कोसळतो, मग घरी वाळवतं कोण हे विचारून बघा एकदा.

बाल्कनीत टाका म्हणता. नियमात बसत नाही हे एक. पण नियम बाजूला ठेवा, तरी टाकू नये. जहाज वीस नॉटच्या आसपास, म्हणजे ताशी 37 किलोमीटरने चाललेलं असतं, वर समुद्राचा वारा, चिमटे लावा नाहीतर गाठी मारा, टॉवेल गेला की तो मागच्या कुणाच्यातरी बाल्कनीत नाहीतर थेट पाण्यात. दुसरं म्हणजे तिथल्या हवेत मीठ असतं. ते कपड्यावर बसतं, आणि मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे तासन् तास ठेवलं तरी कपडा हाताला चिकचिकच लागतो, मग परत धुवा. आणि तिसरी गोष्ट आगीची. मार्च 2006 मध्ये स्टार प्रिन्सेस नावाच्या जहाजाला जमैकाच्या जवळ रात्री आग लागली, बाल्कनीत पडलेल्या सिगारेटच्या थोटकापासून लागली असावी असा चौकशीचा निष्कर्ष, एक प्रवासी धुराने गेला आणि ओळीने केबिन जळल्या. त्यानंतर बाल्कनीत काय सामान वापरायचं याचे आंतरराष्ट्रीय नियमच बदलले. वरच्या मजल्यावरून कोणी थोटूक टाकलं आणि खाली तुमचा वाळलेला पंचा लटकतोय, विचार करा. आमच्या सोसायटीत पुढच्या बाल्कनीत कपडे दिसले तर सेक्रेटरी नोटीस लावतात ती बिल्डिंगचा लुक खराब होतो म्हणून, इथे कारण वेगळं आहे.

छोटी इस्त्री न्या, हे तर साहेब कृपा करून कोणाला सांगू नका. जवळजवळ सगळ्याच क्रूझ कंपन्या इस्त्री आणि कपड्यांचा स्टीमर दोन्ही आणू देत नाहीत. सामान एक्स-रेमधून जातं, तिथे इस्त्री दिसली की बॅग बाजूला, आणि मग इतर लोक वर आइस्क्रीम खात असताना तुम्ही खालच्या खोलीत आपली इस्त्री जमा करायला रांगेत. कारण परत आगच. लोकांना वाटतं जहाजाला भीती पाण्याची, तर तसं नाही, पाण्यावर असताना सगळ्यात मोठी भीती आगीची, पळणार कुठे. कपड्यांचा आणि आगीचा संबंध तर इतका जवळचा की 1998 च्या जुलैत मायामीतून निघालेल्या एक्स्टसी या जहाजाला आग लागली ती थेट त्यांच्या मुख्य लाँड्रीत. तिथे वेल्डिंग चाललं होतं, ठिणगीने लिंट पेटलं, लिंट म्हणजे ड्रायरच्या जाळीत कापसासारखं साचतं ते, आणि मग आग हवेच्या डक्टमधून जहाजाच्या मागच्या भागात पोचली जिथे दोरखंडांची भेंडोळी होती. सुदैवाने कोणी दगावलं नाही. तेव्हापासून, म्हणजे हे वाचल्यापासून, मी घरच्या ड्रायरची जाळीसुद्धा दरवेळी साफ करते.

सुरकुत्यांचं म्हणाल तर कपडा हँगरला लावून बाथरूममध्ये टांगा, गरम पाण्याने आंघोळ करा, वाफेने निम्मं काम होतं. क्रेपची साडी न्या, तिला इस्त्रीच लागत नाही. कोट वगैरे असेल तर जहाजावर नुसती इस्त्री करून देतात, तिथे मात्र खुशाल पैसे खर्च करा, मी केले.

मग वाळवायचं कसं. बऱ्याच केबिनमध्ये शॉवरच्या भिंतीला एक गोल डबी असते, त्यातून बारीक दोरी ओढून समोरच्या हुकाला लावायची. ती जेमतेम दोन-चार आतल्या कपड्यांची. माझी खरी भिस्त मॅग्नेटच्या हुकांवर. केबिनच्या भिंती आतून लोखंडी पत्र्याच्या असतात, वरून लाकूड वाटलं तरी, हुक खटकन बसतो. एसीची हवा येते त्या झरोक्याच्या समोर दोन हुक लावले की झालं, एसीची हवा कोरडी असते, बाहेरच्या उन्हापेक्षा केबिनमध्ये लवकर वाळतं हे पटायला मलाही वेळ लागला. पण त्याआधी टॉवेल. धुतलेला कपडा पिळून मोठ्या कोरड्या टॉवेलवर पसरायचा, टॉवेलसकट गुंडाळायचा आणि त्या वळकटीवर उभं राहायचं, टाचेने दाबत पुढे सरकायचं. उलगडल्यावर टॉवेल जड झालेला असतो आणि कपडा नुसता दमट. ड्रायफिटचा, म्हणजे व्यायामाला घालतात त्या सिंथेटिक कापडाचा टीशर्ट मग सकाळपर्यंत नक्की वाळतो. जीन्सचा नादच सोडा. सगळ्यात हट्टी माझा परकर. बाकी सगळा वाळतो, घेर कोरडा ठणठणीत, आणि नेफ्यात हात घातला की आत नाडी ओलीच. शेवटी नाडी काढून वेगळी वाळत घालायला लागले, सेफ्टी पिन सोबत हवी नाहीतर परत ओवणार कशी.

पाण्याच्या नासाडीबद्दल. जहाजावरचं बरंचसं गोडं पाणी समुद्राच्या पाण्यापासूनच करतात, इंजिनाच्या उष्णतेवर वाफ करून नाहीतर आरओने, त्यामुळे ते फुकट नाही हे तुमचं बरोबर, त्याला इंधन लागतं. पण बेसिनभर पाण्यात मी पाच कपडे काढते, शॉवरखाली दहा मिनिटं गाणं म्हणणाऱ्याला तुम्ही काही बोलला नाहीत. आणि साबणाचं पाणी मी बेसिनमध्ये सोडलं काय नि जहाजाच्या लाँड्रीने सोडलं काय, ते सांडपाणी एकाच प्रकारात मोडतं, शौचालयाचं वेगळं. गंमत म्हणजे जहाजांच्या प्रदूषणावरचा जो मार्पोल करार आहे त्यात शौचालयाच्या मैल्यावर नियम आहेत, ह्या साबणाच्या पाण्यावर तसे नाहीत, अलास्कासारख्या ठिकाणी स्थानिक कायदे कडक आहेत ते वेगळं. भांडायचंच असेल तर ह्यावर भांडू, मी तुमच्या बाजूने येईन. ड्रायफिट कपड्यातून प्लास्टिकचे बारीक धागे सुटतात हाही मुद्दा तुम्ही काढू शकला असतात, काढला नाहीत, मीच आयता देते.

आता टोमणा. ‘सुट्टीतही बायकोला धुणं, नवरा डेकवर बिअर घेऊन’ असं तुम्ही लिहिलंय. साहेब, त्या टॉवेलच्या वळकटीवर उभं कोण राहतं असं तुम्हाला वाटलं? माझं वजन कमी पडतं. ह्यांचे कपडे हेच धुतात, लग्नाआधी डोंबिवलीला खोलीवर राहायचे तेव्हापासूनची सवय, आणि पिळण्यात माझ्यापेक्षा हात जड आहे. बिअर नंतर घेतात, ती मीही घेते.

आणि प्रतिक्रियांमध्ये दोघी-तिघींनी विचारलंय की मॅग्नेटचे हुक कुठे मिळतील. ऑनलाइन आहेतच, मी जांभळी नाक्याच्या बाजारातून हार्डवेअरच्या दुकानातून घेतले. घरी आणल्यावर लगेच लोखंडी कपाटाच्या दाराला लावा, त्यावर ओला टॉवेल टांगा आणि रात्रभर ठेवा. सकाळी हुक खाली घसरलेला असेल तर दुकानदाराला परत द्या, पावती जपून ठेवा, आमच्याकडचा दुकानदार पावतीशिवाय घेत नाही.