बिग पनबद्दल फिरणारा तो मेसेज चुकीचा आहे

बिग पनला टुपाक आणि बिगी या अमेरिकन रॅपर्ससारखं गोळ्या घालून मारलं, असा मेसेज परत फिरतोय, तर तसं काहीही झालं नव्हतं. न्यूयॉर्कमधल्या ब्रॉंक्सचा हा पोर्तो रिकन वंशाचा रॅपर, खरं नाव क्रिस्टोफर रिओस, 7 फेब्रुवारी 2000 ला हार्ट अटॅकने गेला, वय फक्त 28. वजन तेव्हा तीनशे किलोच्या वर. त्याआधी ड्यूक युनिव्हर्सिटीच्या वजन कमी करायच्या प्रोग्रॅमला जाऊन ऐंशीएक पाउंड (साधारण 36 किलो) उतरवले होते पण तो मधेच सोडून आला आणि वजन परत चढलं, हे वाचून खरंच जीव तुटतो. आणि एवढं शरीर असूनही हा माणूस श्वास न घेता यमकावर यमक रचत जायचा, नुसतं त्याचं ‘ट्विन्झ’ हे गाणं ऐका म्हणजे कळेल!

दुसरं, त्याला "प्लॅटिनम गेलेला (म्हणजे अमेरिकेत अल्बमच्या दहा लाख प्रती खपलेला) पहिला लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकन वंशाचा, रॅपर" म्हणतात, हे अर्धवट आहे. पहिला *सोलो* लॅटिनो रॅपर म्हणा, 1998 च्या ‘कॅपिटल पनिशमेंट’ या अल्बममुळे. ग्रुप म्हणून लॉस एंजेलिसचे सायप्रस हिल आधीच तिथे पोचले होते, 1993 चा त्यांचा ‘ब्लॅक संडे’ अल्बम तर अमेरिकेच्या चार्टवर थेट नंबर एकवर आला होता. त्यांचं श्रेय कशाला खाता?