नगरसेवक कशाला हवेत?

सोलापूर महापालिकेवर प्रशासक होते तेव्हा आमच्या शाळेच्या ग्रुपवर एक वाद सतत धगधगत असायचा. एक मित्र लिहायचा, "नगरसेवक नाहीत, तर अडलं काय बे? उलट कटकट गेली." मी काही बोललो की उत्तर ठरलेलं, "तू स्टुटगार्टात बसून शहाणपण शिकवू नको."

महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद कोर्टात गेले आणि मतदान झालं थेट जानेवारी २०२६ मध्ये. या काळात गटारं तुंबली की नाही, त्यात मी पडत नाही. मला वेगळंच खटकतं. २०२२ मध्ये एकविसाव्या वर्षी नगरसेवक व्हायला पात्र झालेला पोरगा मतदानापर्यंत पंचविशीच्या, म्हणजे आमदारकीच्या वयाच्या उंबरठ्यावर पोचला. मधली शिकाऊ उमेदवारीची वर्षं गेली कुठं?

इथं जर्मनीत माझी शेजारीण आमच्या गावाच्या परिषदेवर आहे. पेशानं फिजिओथेरपिस्ट, परिषदेचं मानधन नावापुरतं. पहिलं वर्ष ती गप्प बसून बजेट वाचायला शिकली. तिसऱ्या वर्षी बालवाडीच्या खर्चावरून महापौरांशी भांडली आणि हरली. आता तिला ठाऊक आहे की कुठलं भांडण सभेआधीच मिटवायचं असतं. हे प्रशिक्षण वर्गात मिळत नाही. इथल्या आमच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात २०२४ पासून सोळाव्या वर्षी अशा परिषदेला उभं राहता येतं. (मला मात्र भारतीय पासपोर्टमुळे इथं मत नाही, आणि मतदानासाठी सोलापूरला जाणं काही होत नाही.) अशाच वाटेनं वर गेलेले आडेनाउअर १९१७ ते १९३३ कोलोनचे महापौर होते, १९४९ मध्ये पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख झाले तेव्हा वय ७३. आपल्याकडं वल्लभभाईही अहमदाबाद नगरपालिकेचे अध्यक्ष होतेच. इथलं सगळं गोड आहे असंही नाही. एका बसथांब्यावर दोन वर्षं चर्चा चालली, सोलापूरकराला हसू येईल.

मित्रानं हुकमी पान टाकलं, "सुशीलकुमार शिंदे कुठं नगरसेवक होते?" खरंय. सोलापूरच्या कोर्टात पट्टेवाला, मग फौजदार, १९७४ मध्ये करमाळ्यातून आमदार, २००३ मध्ये मुख्यमंत्री आणि २०१२ मध्ये देशाचे गृहमंत्री. पण यात पायऱ्या कमी कुठं आहेत? कोर्टाच्या दारात पक्षकाराचं तोंड वाचणं, पोलिसात फिर्याद लिहून घेणं, हीसुद्धा शिकवणीच. फक्त ती महापालिकेबाहेर झाली. अशी वाट दर पिढीत एखाद्यालाच सापडते. बाकीच्यांना वॉर्डच हवा. तो नसला की वर चढायला दोनच दोर उरतात, घराणं नाहीतर पैसा. आणि मग आपणच कुरकुरतो की म्हातारे खुर्ची सोडत नाहीत. सोडतील कुणासाठी?

मित्राला हे पटलेलं नाही. टक्केवारीचं काय, हा त्याचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला माझ्याकडं उत्तर नाही.

परवा त्याचा फोन आला. त्याच्या प्रभागातून एक तरुण पोरगी निवडून आलीय. "तिला काही येत नाही की," म्हणाला. मी विचारलं, सभेला जाते का?

"जाते की. मागं बसून वहीत लिहून घेते नुसतं."