नव्या कोचचे कट्टर भक्त कसे व्हाल?

तुमच्या कॉलेजच्या (अमेरिकन) फुटबॉल टीमला नवा कोच मिळालाय? मनापासून अभिनंदन! आता टीम जिंकते की हरते हा प्रश्न गौण. महत्त्वाचं काय, तर तुमची भक्ती. ती कशी करावी हे सांगायचा मला थोडाफार अधिकार आहे, कारण मी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या गावापासून, चॅपल हिलपासून, जवळच राहतो आणि नवे कोच बिल बेलिचिक यांचा २०२५चा पहिला अख्खा सीझन त्यांच्या टीमपायी रक्त आटवलंय. शिवाय आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर या शास्त्रातले एक मोठे अधिकारी गृहस्थ आहेत. थँक्सगिव्हिंगच्या शनिवारी टीम शेजारच्या रॅली शहरात जाऊन एनसी स्टेट विद्यापीठाकडून ४२-१९ असा मार खाऊन आली, सीझन ४-८ वर (चार जिंकल्या, आठ हरल्या) आटोपला. नंतरच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, हे गृहस्थ मसालेभाताचा डाव हातात धरून मला समजावत होते, "अहो, हे पाया घालायचं वर्ष होतं!" मागे ताटं घेतलेल्यांची रांग खोळंबली होती, पण डाव काही खाली येईना. खालचं सगळं ज्ञान त्यांच्याच कृपेने.

तर पहिली गोष्ट. कोचने आजवर काय केलंय तेवढंच बघा, इथे त्याला काय करायचंय ते विचारू नका. बिल बेलिचिक यांनी एनएफएलमधल्या, म्हणजे व्यावसायिक लीगमधल्या, पॅट्रियट्स टीमला सहा सुपर बोल (लीगची अंतिम मॅच) जिंकून दिले. कॉलेजच्या पोरांना एक दिवसही शिकवलेलं नव्हतं, पण असल्या बारीकसारीक गोष्टी मोठ्या माणसांना विचारायच्या नसतात. वडील १९५०च्या दशकात याच चॅपल हिलला सहायक कोच होते, म्हणजे गादी घरचीच. आधीचे कोच मॅक ब्राउन ७३ वर्षांचे होते, त्यांना नारळ दिला आणि नवं रक्त म्हणून ७२ वर्षांचे बेलिचिक आणले. पाच वर्षांचा करार, वर्षाला एक कोटी डॉलर. जनरल मॅनेजर म्हणाले, आम्ही स्वतःला (बत्तीस टीमच्या) एनएफएलची तेहतिसावी टीम समजतो. टाळ्या!

गणवेश लागतोच. बेलिचिक बाह्या कापलेला हूडी घालतात, म्हणून आमच्या गृहस्थांनी ग्रुपमध्ये पैसे गोळा करून आकाशी निळ्या रंगाचे हूडी मागवले आणि स्वयंपाकघरातल्या कात्रीने सगळ्यांच्या बाह्या कापल्या. डाव्या बाहीला कोपरापर्यंत, उजव्या बाहीला खांद्यापर्यंत. टेलगेटला, म्हणजे मॅचआधीच्या पार्किंगमधल्या खाण्यापिण्याला, त्या कापलेल्या कडांचे दोरे भेळेत लोंबत होते.

पहिल्या मॅचला जा. जायलाच हवं. लेबर डेची रात्र, आपलं केनन स्टेडियम, समोर टेक्सासचं टीसीयू कॉलेज. खुद्द मायकल जॉर्डन आलेला. पहिल्याच चढाईत आपला टचडाउन! गृहस्थांनी मला मिठी मारली, डोळ्यांत पाणी. त्यानंतर टीसीयूने लागोपाठ ४१ पॉइंट केले. शेवट ४८-१४. बेलिचिक यांच्या मुख्य कोच म्हणून सबंध कारकिर्दीत त्यांच्या टीमवर इतके पॉइंट कधी कोणी चढवले नव्हते. म्हणजे विक्रमच की! विक्रम झाला की आनंद मानायचा.

विजय मोजायची पद्धत शिकून घ्या. शार्लट, रिचमंड, सिरॅक्यूज, स्टॅनफर्ड. चार झाले ना? मग पुढचं विचारू नका. यातलं रिचमंड खालच्या विभागातलं आहे आणि सिरॅक्यूजचा स्वतःचा सीझन ३-९ असा गेला, हे सांगणाऱ्याला "तू नेहमी निगेटिव्हच का बोलतोस?" असं विचारा.

इंडियानाचं नाव काढू नका. तिथेही नवा कोच आला होता. कर्ट सिग्नेटी, जेम्स मॅडिसनसारख्या बाहेर कोणाला फारशा ठाऊक नसलेल्या कॉलेजातून. २०२३ला ३-९ असलेली टीम त्याने पहिल्याच सीझनला ११-२ वर नेली. आपल्याकडे पाया घालायला वर्ष लागतं, त्यांच्याकडे बहुधा जमीनच कडक असेल.

नोव्हेंबर लागला की "आपण मुळात बास्केटबॉलवाले" म्हणा.

आता सगळ्यात महत्त्वाची साधना, हरण्याचं श्रेय कोणाला द्यायचं. हे नीट ऐका, कारण इथे नवखे भक्त चुकतात. क्लेमसनची मॅच घ्या. चारपैकी पहिलं क्वार्टर संपलं तेव्हा आपण २८-३ने मागे. अशा वेळी उठायचं. पार्किंगमधून लवकर सुटता येतं, पुढे आय-४० मोकळा मिळतो. मी ज्यांच्या गाडीतून गेलो होतो ते आमचे गृहस्थ हाफटाइमलाच किल्ली वाजवत उभे राहिले. मी म्हटलं, थांबू या, पोरं अजून खेळतायत. तर म्हणाले, "आता काय राहिलंय त्यात?" आलो मुकाट परत, गाडी त्यांची. वाटेत त्यांनी मला खेळाडूंमध्ये निष्ठा कशी उरली नाही यावर व्याख्यान दिलं. ट्रान्सफर पोर्टलमुळे पोरं वर्षाला कॉलेज बदलतात म्हणे. बदलतात, खरंय. आपल्याच कोचने पहिल्याच वर्षी सत्तरेक नवी पोरं भरली, त्यातली बरीच ट्रान्सफर होऊन आलेली, ती कुठून आली होती? झाडाला लागली होती? की दुसऱ्याची निष्ठा सोडून आलेली ती पोरं आपल्याकडे आल्याबरोबर शुद्ध झाली?

मग कॅलची, म्हणजे कॅलिफोर्निया विद्यापीठाची, मॅच. बर्कलीत, शुक्रवारी, आपल्याकडे मध्यरात्र कधीच उलटलेली. २१-१८ने मागे, चार मिनिटंसुद्धा उरलेली नाहीत, आणि आपला पोरगा बॉल घेऊन गोलच्या रेषेपर्यंत पोहोचलेला. समोरच्याने हात मारला, बॉल सुटला, खेळ खलास. त्याच रात्री आमच्या ग्रुपवर गृहस्थांचा मेसेज. पोराचं नाव, त्याचा फोटो, खाली एक शिवी आणि 'याची स्कॉलरशिप काढून घ्या.' त्यावर आठ-दहा अंगठे. हसणारे चेहरे वेगळे.

पुढच्याच आठवड्यात व्हर्जिनिया. ओव्हरटाइममध्ये टचडाउन केला, आता किक मारून १७-१७ करायचं आणि खेळ पुढे न्यायचा. कोचने ठरवलं, नाही, किकऐवजी बॉल पुन्हा रेषेपार नेऊन दोन पॉइंटला जायचं, इथेच जिंकायचं. पोरगा रेषेच्या अलीकडे काही इंचांवर अडला. १७-१६, हरलो. यावर ग्रुपवर काय आलं? "काय धाडस आहे या माणसात!" आणि त्याच्या खाली, "पण त्या गाढवाला दोन पावलं पुढे जाता येईना."

ड्यूकने शेवटी शेवटी फील्ड गोलची किक मारायचं सोंग करून किकरलाच बॉल घेऊन पळवलं आणि ३२-२५ने जिंकले. स्पेशल टीम्स (किकच्या वेळी उतरणारे खेळाडू) म्हणजे बेलिचिक यांचं आयुष्यभराचं वेड, आणि नेमकं तिथेच फसले! तरी दोष कोणाचा? "पोरांनी डोळे मिटले होते का?"

बघा, हिशोब कसा चोख आहे. डाव फसला तर पोरांचा, धाडस मात्र कोचचं. ज्याला वर्षाला एक कोटी डॉलर मिळतात त्याला वेळ द्यायचा, प्रक्रियेवर विश्वास ठेवायचा, पाया घालू द्यायचा. आणि एकोणीस-वीस वर्षांच्या पोराला एक सेकंद द्यायचा नाही. पॉटलकला मी हे बोललो तर म्हणे, "आता पोरांनाही पैसे मिळतात ना!" मिळतात. जुलै २०२५पासून कॉलेजं थेट देऊ शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादा होती दोन कोटी पाच लाख डॉलर. एकट्या फुटबॉलवाल्यांना नव्हे हो, कॉलेजच्या सगळ्या खेळांतल्या सगळ्या मुला-मुलींना मिळून. त्याच्या जवळपास निम्मे तुमचा कोच एकटा घेतो. सांगा बरं आता, पाय कोणाचे धरायचे आणि कान कोणाचे.

नाही, आता तिरकस बोलायचाही कंटाळा आला. गृहस्थांनाच सरळ सांगतो.

बेलिचिक हा माणूस वाईट नाही आणि मूर्ख तर मुळीच नाही. पुढच्या वर्षी कदाचित आठ मॅच जिंकेलही. पण ज्यांनी नुसतं नाव बघून करार केला त्यांना प्रश्न विचारायची तुमची हिंमत नाही, म्हणून तुम्ही पोरांवर तोंडसुख घेता. क्लेमसनविरुद्ध २८-३ झाल्यावरही ती उरलेली तीन क्वार्टर खेळली, तुम्ही तेव्हा एक्झिट शोधत होतात. तुमचा स्वतःचा मुलगा कॉलेजला गेला, पहिल्या सेमिस्टरला केमिस्ट्रीत सी आला, तेव्हा तुम्ही आम्हा सगळ्यांना सांगितलं होतंत की घरी आला की त्याच्यासमोर हा विषय काढू नका, पोर खचलंय. आम्ही नाही काढला. त्याचा फोटो कोणी ग्रुपवर टाकला नाही, त्याची फी बंद करा असं कोणी लिहिलं नाही. कॅलच्या रेषेवर ज्याच्या हातून बॉल सुटला तोही कोणाचं तरी पोरच आहे, त्याच वयाचं. तो चुकला ते लाखो लोकांनी बघितलं. तुमच्या मेसेजची त्याला गरज नव्हती.

तो मेसेज अजून ग्रुपवर तसाच आहे. फोटोसकट. आज काढा.